क्लाउडमधील कंटेनर आणि त्यांच्यातील वाटांवरचा पहारा

बँकेचे खाते पाहणे, रेल्वेचे आरक्षण करणे, घरबसल्या किराणा मागविणे या रोजच्या व्यवहारांमागे आज एकच मोठी आज्ञावली क्वचितच असते. तिच्या जागी अनेक लहान लहान आज्ञावल्या काम करीत असतात. एक ग्राहकाची ओळख पटविते, दुसरी वस्तूंची यादी दाखविते, तिसरी पैसे स्वीकारते, चौथी पावती धाडते. यांतील प्रत्येक आज्ञावली तिला लागणाऱ्या सर्व साहित्यासह ज्या बंदिस्त पेटीत ठेवली जाते, तिला ‘कंटेनर’ म्हणतात. अशा शेकडो, हजारो पेट्या भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, म्हणजेच क्लाउडमध्ये, चालविल्या जातात. त्यांपैकी कोणी कोणाशी बोलावे आणि कोणी बोलू नये, हे ठरविणे म्हणजे कंटेनरांमधील नेटवर्क-नियंत्रण होय. विषय तांत्रिक खरा. परंतु एखाद्या क्षुल्लक पेटीत शिरलेला चोर तिजोरीपर्यंत पोहोचतो की तेथेच अडतो, हे पुष्कळदा याच नियंत्रणावर अवलंबून असते.

पेटीची कल्पना

न्हावा-शेवा बंदरात एकावर एक रचलेल्या पोलादी पेट्यांवरून संगणकीय कंटेनराची कल्पना सहज ध्यानात येते. पेटीत काय आहे याची चिंता यारीला करावी लागत नाही. तिचा आकार ठरलेला असला की पुरे. संगणकीय कंटेनरातही आज्ञावली आणि तिचे सारे साहित्य एकत्र बांधलेले असते. त्यामुळे ती अभियंत्याच्या संगणकावर जशी चालते तशीच क्लाउडमधील सर्व्हरवरही चालते.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत एखाद्या आज्ञावलीला फाइलींचा ठरावीक भागच दाखविण्याची सोय आली. २००० मध्ये फ्रीबीएसडी प्रणालीने ‘जेल’ नावाची अधिक बंदिस्त व्यवस्था आणली. पुढे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, दोन महत्त्वाच्या सोयी विकसित झाल्या. ‘नेमस्पेस’मुळे प्रत्येक आज्ञावलीला आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असे भासू लागले, तर ‘सीग्रुप’मुळे तिने किती स्मृती आणि किती प्रक्रियाशक्ती वापरावी याला मर्यादा घालता आली. मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ लोकांसमोर आले आणि ही गुंतागुंतीची साधने सामान्य प्रोग्रामरच्या हाती पडली.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. एकाच यंत्रावरील सर्व कंटेनर सामान्यतः एकच कर्नल वापरतात. एकाच वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे त्यांची दारे वेगळी असली, तरी पाया आणि छप्पर सामाईक असते. त्यामुळे कंटेनर म्हणजे आपोआप सुरक्षित कोठडी, हा समज चुकीचा आहे.

सपाट नेटवर्कचे वरदान आणि शाप

कंटेनरांची संख्या वाढली की कोणता कंटेनर कोणत्या यंत्रावर चालवावा, बंद पडल्यास पुन्हा कसा उभा करावा, याची व्यवस्था माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. त्यासाठी गूगलने जून २०१४ मध्ये ‘कुबरनेटिस’ ही मुक्त स्रोत प्रणाली जाहीर केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. जुलै २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली आणि तिचे पालकत्व लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्थापन झालेल्या क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेले. यंत्रांच्या एका समूहात ५,००० यंत्रे आणि ३,००,००० कंटेनरांपर्यंतचा पसारा सांभाळता यावा, अशी तिची रचना आहे.

कुबरनेटिसमध्ये एक किंवा अधिक कंटेनर मिळून एक ‘पॉड’ होतो आणि प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता मिळतो. कोणत्याही पॉडला समूहातील कोणत्याही दुसऱ्या पॉडशी, मध्ये पत्त्यांची अदलाबदल न करता, थेट बोलता आले पाहिजे, असा या प्रणालीचा मूलभूत दंडक आहे. याला ‘सपाट नेटवर्क’ म्हणतात. अभियंत्यांना ते फार सोयीचे पडते. सेवा कोठेही हलवा, ती सापडते आणि जोडणी होते.

पण हेच वरदान सुरक्षेच्या दृष्टीने शाप ठरते. वेगळा काही हुकूम नसेल, तर समूहातील प्रत्येक पॉड प्रत्येक पॉडचे दार ठोठावू शकतो. दिंडीदरवाजावर कडक पहारा असावा आणि आतील एकाही खोलीला कडी नसावी, तशी ही स्थिती आहे. पारंपरिक फायरवॉल बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवते. तिला ‘उत्तर-दक्षिण’ वाहतूक म्हणण्याचा प्रघात आहे. आतल्या आत चालणारी ‘पूर्व-पश्चिम’ वाहतूक तिच्या नजरेस पडत नाही.

चोर आत शिरल्यावर काय होते

या उणिवेची किंमत किती मोठी असते, हे कंटेनरांचा प्रसार होण्यापूर्वीच दिसून आले होते. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीवर २०१३ च्या अखेरीस हल्ला झाला. शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका बाहेरील कंत्राटदाराची प्रवेशाची ओळखपत्रे चोरून हल्लेखोर आत शिरले आणि तेथून थेट गल्ल्यावरील यंत्रांपर्यंत पोहोचले. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती त्यांच्या हाती लागली. शीतकरणाच्या कंत्राटदाराचा आणि ग्राहकांच्या कार्डांचा काडीमात्र संबंध नव्हता. मात्र त्या दोहोंमधील वाट पुरेशी बंद केलेली नव्हती.

क्लाउडमध्ये हाच धोका नव्या रूपाने आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये टेस्ला या मोटार कंपनीचा कुबरनेटिस नियंत्रणफलक पासवर्डविना उघडा असल्याचे एका सुरक्षा संस्थेने उजेडात आणले. घुसखोरांनी तेथे आभासी चलन निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या चालविल्या होत्या. शिवाय एका पॉडमध्ये कंपनीच्या ॲमेझॉनवरील साठ्याच्या किल्ल्याही होत्या.

जुलै २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेतील चोरी उघड झाली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यात गेली. ही घटना कंटेनरांमुळे घडली नव्हती, तरी तिच्यातील एक दुवा प्रत्येक कंटेनरचालकाने लक्षात ठेवावा असा आहे. क्लाउडमधील यंत्राला १६९.२५४.१६९.२५४ या खास अंतर्गत पत्त्यावर स्वतःविषयीची माहिती विचारता येते आणि त्या उत्तरात तात्पुरत्या किल्ल्याही मिळू शकतात. चुकीच्या रीतीने बसविलेल्या एका आज्ञावलीला फसवून तिच्याकरवीच हा पत्ता विचारला गेला आणि मिळालेल्या किल्ल्यांनी साठ्याची कुलपे उघडली गेली. बँकेला ऑगस्ट २०२० मध्ये ८ कोटी डॉलरचा दंड झाला. कंटेनराला ज्या पत्त्याची गरज नाही, तो पत्ता त्याला गाठताच येऊ नये, हा यातील धडा आहे.

नेटवर्क पॉलिसी: परवानग्यांची यादी

कुबरनेटिसमध्ये या वाटांवर पहारा बसविण्याचे जे अधिकृत साधन आहे, त्याचे नाव ‘नेटवर्क पॉलिसी’. जून २०१७ मधील १.७ या आवृत्तीत ते स्थिर स्वरूपात उपलब्ध झाले. त्याच वर्षीच्या १.८ या आवृत्तीत पॉडमधून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे नियमही त्यात लिहिता येऊ लागले.

तिचे पहिले वैशिष्ट्य असे की नियम पत्त्यांवर न लिहिता लेबलांवर लिहिले जातात. पॉड क्षणात जन्मतो आणि क्षणात नाहीसा होतो. त्याचा आयपी पत्ता आज एक, तर उद्या दुसरा. त्यामुळे ‘अमुक पत्त्याला प्रवेश द्या’ हा जुना नियम येथे टिकत नाही. त्याऐवजी ‘ज्याच्या अंगावर मागणी-विभागाचे लेबल आहे, त्याला माहितीसाठ्याच्या अमुक पोर्टवर येऊ द्या’ असे लिहिले जाते. नवा पॉड तेच लेबल लावून आला की नियम त्याला आपोआप लागू होतो. अर्थात, लेबल लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही मग तितकेच महत्त्वाचे ठरते.

दुसरे वैशिष्ट्य असे की यात केवळ परवानगी देता येते, मनाई लिहिता येत नाही. ज्या पॉडवर एकही पॉलिसी नाही, तो सर्वांना मोकळा असतो. ज्या क्षणी त्याला येणाऱ्या वाहतुकीची एखादी पॉलिसी लागू होते, त्या क्षणी यादीत नसलेल्या सर्वांना तो बंद होतो. एकापेक्षा अधिक पॉलिसी असल्यास त्यांच्या परवानग्यांची बेरीज होते. एक पॉलिसी दुसरीला छेद देत नाही, म्हणून क्रमालाही महत्त्व नसते. जोडणीला मुभा मिळाली की तिच्या उत्तराला वेगळी परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट अशी की निघणाऱ्या आणि येणाऱ्या वाहतुकीचे नियम स्वतंत्र असतात. दोन्ही बाजूंना पॉलिसी लागू असेल, तर निघणाऱ्याला निघण्याची आणि स्वीकारणाऱ्याला स्वीकारण्याची अशा दोन्ही परवानग्या असल्या, तरच जोडणी होते.

एका ग्रंथविक्री केंद्राचे उदाहरण

समजा, ऑनलाइन ग्रंथविक्रीच्या एका केंद्रात पाच सेवा आहेत: वाचकाला पाने दाखविणारी दर्शनी सेवा, मागणी नोंदविणारी सेवा, पैसे स्वीकारणारी भरणा सेवा, ग्राहकांचा माहितीसाठा आणि मुखपृष्ठांची चित्रे लहान करणारी चित्रसेवा. शेवटची सेवा सर्वांत निरुपद्रवी वाटते. परंतु २०१६ मध्ये इमेजमॅजिक या लोकप्रिय चित्रप्रक्रिया आज्ञावलीत असा दोष सापडला होता की विशिष्ट रीतीने रचलेले चित्र चढविताच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता येत असे. असा दोष आपल्या चित्रसेवेत असल्यास सपाट नेटवर्कमध्ये हल्लेखोर तेथून माहितीसाठ्याचे दार सरळ ठोठावू शकतो.

यावरील उपाय पायरीपायरीने करावा लागतो. प्रथम संपूर्ण नेमस्पेसला, म्हणजे समूहातील या केंद्राच्या स्वतंत्र विभागाला, एक रिकामी पॉलिसी लावावी. (कर्नलमधील नेमस्पेस आणि कुबरनेटिसमधील नेमस्पेस या भिन्न गोष्टी आहेत.) ती सर्व पॉडांना लागू होते आणि कोणालाच परवानगी देत नाही, म्हणजेच सर्व वाटा बंद होतात. त्यानंतर गरजेपुरत्या वाटा एकेक करून उघडाव्यात. समूहाच्या प्रवेशद्वारावरून दर्शनी सेवेकडे, दर्शनी सेवेकडून मागणी आणि चित्र या दोन सेवांकडे, मागणी सेवेकडून भरणा सेवेकडे आणि माहितीसाठ्याच्या ५४३२ या पोर्टकडे. भरणा सेवेला बाहेरच्या जगात फक्त बँकेच्या ठरावीक पत्त्यांकडे जाता यावे. चित्रसेवेला स्वतःहून कोणाकडेही जाण्याचे कारण नाही.

आता चित्रसेवा हल्लेखोराच्या ताब्यात गेली, तरी तिची एकही जोडणी पुढे सरकत नाही. चोरी झालीच नाही असे नव्हे; चोर मात्र एका खोलीत कोंडला गेला. याच तत्त्वाला ‘मूलतः नकार’ म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आणि सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुबरनेटिसविषयक मार्गदर्शिकेतही त्याचीच शिफारस आहे.

बाहेर जाणाऱ्या वाटा बंद करण्याचे महत्त्व डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळले. लॉगफोरजे या जावा भाषेतील सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकातील दोषामुळे सर्व्हर स्वतःच हल्लेखोराच्या यंत्राशी जोडणी करून तेथून घातक आज्ञावली उतरवून घेत असे. ज्या ठिकाणी सर्व्हरला अनोळखी पत्त्यांकडे जाण्याची मुभाच नव्हती, तेथे या हल्ल्याचा हा नेहमीचा मार्ग खुंटला आणि दुरुस्तीला अवधी मिळाला.

नेहमी होणाऱ्या चुका

पॉलिसी लिहिणे सोपे वाटले, तरी तिच्यात काही खाचखळगे आहेत.

बाहेर जाणारी सर्व वाहतूक बंद केल्यावर पहिला फटका बहुधा नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस सेवेला बसतो. तिच्यासाठी ५३ हे पोर्ट यूडीपी आणि टीसीपी या दोन्ही पद्धतींसाठी उघडावे लागते. तसे न केल्यास सर्व सेवा एकाच वेळी ठप्प होतात. मग घाईघाईने संपूर्ण पॉलिसीच काढून टाकली जाते आणि ती पुन्हा लावण्याचे राहून जाते.

दुसरा खळगा एका छोट्या आडव्या रेघेचा आहे. नियमांच्या फाइलीत यादीतील प्रत्येक नवी नोंद अशा रेघेने सुरू होते. नेमस्पेसची अट आणि पॉडची अट एकाच रेघेखाली असतील, तर दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. दुसऱ्या अटीपुढेही रेघ पडली, तर कोणतीही एक अट पुरते. एवढ्याशा फरकाने एका पॉडसाठी उघडलेले दार संपूर्ण नेमस्पेसला मोकळे होते आणि प्रणाली चुकीचा कोणताही इशारा देत नाही, कारण दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्धच असतात.

तिसरी गोष्ट यंत्राची. पॉड ज्या यंत्रावर चालतो, त्या यंत्राकडून त्या पॉडकडे येणारी वाहतूक पॉलिसीने अडत नाही. यंत्राचेच नेटवर्क वापरणाऱ्या पॉडांवर तर पॉलिसीचा भरवसा धरता येत नाही.

कुबरनेटिसविना केवळ डॉकर वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. डॉकरच्या मूळ सामाईक नेटवर्कमध्ये सर्व कंटेनर एकमेकांना गाठू शकतात. म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळे नेटवर्क बनविणे श्रेयस्कर. तसेच कंटेनराचे पोर्ट प्रकाशित केले की डॉकर स्वतःच फायरवॉलमध्ये नियम घालतो. उबुंटूवरील नेहमीच्या फायरवॉल-साधनात ते पोर्ट बंद केले आहे असे मानणाऱ्या प्रशासकाचे दार अशा वेळी प्रत्यक्षात उघडे असू शकते.

हुकूम लिहिला, अंमल कोण करणार?

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. कुबरनेटिस पॉलिसी नोंदवून घेते. तिची अंमलबजावणी स्वतः करीत नाही. ते काम पॉडांना जोडणाऱ्या नेटवर्क-जोडणीचे असते आणि ही जोडणी प्रत्येक संस्था आपल्या निवडीने बसविते. कॅलिको आणि सिलियम या जोडण्या पॉलिसी अमलात आणतात. फ्लॅनेल ही साधी जोडणी मुळात पॉडांमध्ये दळणवळण घडविण्यापुरती आहे. पॉलिसीसाठी तिच्याबरोबर वेगळे साधन लागते. ॲमेझॉनच्या स्वतःच्या जोडणीत ही सोय ऑगस्ट २०२३ मध्ये आली. तोवर ग्राहकांना कॅलिकोसारखे साधन जोडावे लागत असे.

अंमल करणारे कोणीच नसेल, तरी पॉलिसी विनातक्रार स्वीकारली जाते, यादीत दिसते, लेखापरीक्षकाला दाखविताही येते. अडवीत मात्र कोणालाच नाही. म्हणून पॉलिसी लिहिल्यावर मनाई असलेल्या पॉडमधून प्रत्यक्ष जोडणी करून पाहणे आणि ती अयशस्वी झाल्याची खात्री करून घेणे, ही चाचणी अपरिहार्य आहे.

अंमलबजावणीच्या पद्धतीही बदलत आहेत. पूर्वापार साधन म्हणजे लिनक्सचे आयपीटेबल्स. त्यात प्रत्येक पॅकेट नियमांच्या साखळीतून क्रमाने तपासले जाते. नियम हजारोंच्या घरात गेले की ही तपासणी जड होते. २०१४ पासून लिनक्समध्ये विकसित होत गेलेल्या ईबीपीएफ या सोयीमुळे लहान, आधीच तपासलेल्या आज्ञावल्या कर्नलमध्येच चालविता येतात. सिलियम तिचाच आधार घेते आणि पॉडच्या लेबलांवरून त्याला एक ओळख-क्रमांक देऊन त्यावर निर्णय करते.

ओळखीवर आधारलेला विश्वास

नेटवर्क पॉलिसी पत्ता आणि पोर्ट पाहते. संभाषणात काय चालले आहे, हे ती पाहत नाही. मागणी सेवेला भरणा सेवेशी बोलण्याची मुभा असेल, तर ती हिशेब विचारते आहे की परतावा मागते आहे, हा भेद तिला कळत नाही. वाहतूक कूटबद्ध करणे हेही तिचे काम नाही. त्यासाठी ‘सर्व्हिस मेश’ ही वरची पातळी योजली जाते. गूगल, आयबीएम आणि लिफ्ट यांनी २०१७ मध्ये आणलेले इस्टिओ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात दोन्ही सेवा एकमेकींना प्रमाणपत्रे दाखवून ओळख पटवितात आणि मगच कूटबद्ध संभाषण सुरू होते.

या सर्वांमागील विचाराला ‘झिरो ट्रस्ट’ म्हणतात. फॉरेस्टर या संस्थेतील जॉन किंडरव्हॅग यांनी २०१० मध्ये तो मांडला आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर स्वतंत्र मार्गदर्शक प्रसिद्ध केला. आतला आहे म्हणून विश्वासू, हे गृहीतकच तो नाकारतो.

भारतीय वाचकाशी संबंध

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. तेव्हापासून येथील असंख्य उद्योगांचा कारभार या केंद्रांतून चालू लागला. क्लाउड कंपनी इमारत, यंत्रे आणि त्यांखालील पाया सांभाळते. कंटेनरांमधील वाटा बंद ठेवणे ही मात्र ग्राहक संस्थेचीच जबाबदारी असते. सायबर घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळविण्याचे बंधन केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या आदेशाने घातले. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सामान्य ग्राहकाला या पॉलिसी कधी दिसणार नाहीत. आपली माहिती सांभाळणाऱ्या संस्थेने आतल्या खोल्यांना कड्या लावल्या आहेत की नाही, हे त्याला चोरी झाल्यावरच कळते. म्हणून हा प्रश्न संस्थेतील जबाबदार व्यक्तींनीच विचारला पाहिजे, आणि तोही दोन भागांत: कोणत्या सेवेला कोणत्या सेवेकडे जाण्याची गरज आहे याची यादी लिहिलेली आहे काय, आणि त्या यादीबाहेरची जोडणी खरोखर अडते, हे शेवटचे कधी तपासून पाहिले?